तिवर आणि चिखलातले धातू
कांजूरमार्गच्या पूर्वेला, ठाणे खाडीकाठी तिवरांचं दाट रान आहे. खालचा चिखल बराचसा दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची झीज. तांबं, जस्त, निकेल त्यात मुळातलंच. कारखान्यांच्या सांडपाण्याने शिशासारख्या धातूंची भर घातली. तिवराची मुळं भोवती प्राणवायू सोडतात. त्यामुळे चिखलातलं लोह गंजून मुळांवर तांबूस लेप चढतो आणि बरेच धातू तिथेच अडकतात. आत शिरलेलं थोडं जस्त पानांवरच्या ग्रंथींतून मिठासोबत बाहेर पडतं. खोडात मात्र वर्षाला एक वलय पडत नाही; त्यामुळे प्रदूषणाचा इतिहास शोधायचा तो गाळाच्या थरांत. मुळं धातू अडवून धरतात म्हणून तिवरांची तोड दुहेरी घातक: झाड जातंच, शिवाय उसवलेल्या चिखलातले धातू पुन्हा पाण्यात उतरतात.