ध्वनिमुद्रिकेच्या पाठीवरचे टिपण आणि बरोक संगीत

युरोपात साधारणपणे इ.स. १६०० ते १७५० या काळात रचल्या गेलेल्या संगीताला ‘बरोक’ म्हटले जाते. त्याच्या रचनाकारांपैकी बाख आणि हँडेल यांची नावे पुढेही टिकून राहिली. व्हिवाल्डी मात्र जवळजवळ विस्मृतीत गेला होता आणि १९२० च्या दशकात त्याच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह इटलीत उजेडात आला, तेव्हा कोठे अभ्यासक त्याच्याकडे नव्याने वळले. हे संगीत सामान्य श्रोत्याच्या घरात पोहोचवले ते मुख्यतः लाँगप्ले ध्वनिमुद्रिकेने. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने आणलेल्या या तबकडीच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावत असे आणि तिच्या बारा इंची वेष्टनाच्या पाठीवर सविस्तर टिपण छापण्याइतकी जागा असे.

या टिपणाने श्रोत्याला ऐकायचे काय, हे शिकवले. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १९५५ मध्ये बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’चे ध्वनिमुद्रण केले आणि त्याचे टिपण स्वतः लिहिले. या रचनेत आरंभी ‘आरिया’ नावाची संथ धून येते आणि तिच्यामागून तिची तीस रूपे येतात. परंतु त्या रूपांत आरियाची वरची सुरावट शोधणाऱ्या श्रोत्याच्या हाती काही लागत नाही, कारण रूपे बांधलेली असतात ती धुनेखालच्या खर्जातील स्वरांच्या चालीवर. स्वतंत्र तबलावादनात लेहरा फिरत राहतो आणि त्याच्या आधारावर कायदे, रेले उलगडत जातात, तशीच ही खर्जातली चाल प्रत्येक रूपात पुन्हा फिरून येते. एवढे कळले की कान आपोआप डाव्या हाताकडे वळतो आणि तीस सुट्या तुकड्यांची एक अखंड रचना होते.

व्हिवाल्डीच्या ‘चार ऋतू’ या १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हायोलिनरचनांबाबत तर माहितीचा उपयोग अधिकच ठळक आहे, कारण प्रत्येक ऋतूबरोबर एक सुनीत छापलेले आहे आणि त्यातील प्रसंग स्वरांत उतरवले आहेत. ‘वसंता’च्या संथ मधल्या भागात मुख्य व्हायोलिन हा झोपलेला मेंढपाळ आहे, इतर व्हायोलिने म्हणजे पानांची सळसळ आणि व्हायोलावर पुनःपुन्हा येणारे दोन ठसठशीत स्वर म्हणजे भुंकणारा कुत्रा. हे वाचलेले नसेल, तर ते दोन स्वर नुसती साथ वाटून कानाआड होतात.

पुढे टिपणांचा आवाका वाढला. निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि गुस्ताव लिओनहार्ट या वाद्यवृंद-संचालकांनी १९७१ ते १९८९ या काळात बाखच्या जवळपास दोनशे चर्च-कंटाटांचे, म्हणजे गायक व वाद्यवृंद यांच्यासाठीच्या धार्मिक रचनांचे, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. त्यांच्या लाँगप्ले संचांत पुस्तिकेबरोबर संपूर्ण स्वरलिपीही दिलेली असे. तार आतड्याची असल्यामुळे व्हायोलिनचा आवाज मऊ का येतो, उंच स्वरांसाठी स्त्रियांऐवजी मुलगे का गातात, आणि बरोक वादक आज सहसा सेकंदाला ४४० ऐवजी ४१५ कंपनांचा स्वर धरून पट्टी अर्ध्या स्वराने का उतरवतात, अशा प्रश्नांची उकल श्रोत्याला अशा लेखनातूनच होत गेली.

आज संगीत मोबाइलवर क्षणात मिळते, पण त्याच्याबरोबर टिपण बहुधा येत नाही. अनेक ध्वनिमुद्रण कंपन्या आपल्या पुस्तिका संकेतस्थळांवर उपलब्ध करून देतात आणि जुन्या ध्वनिमुद्रिका जुन्या बाजारात अजूनही मिळतात. बरोक संगीत कळत नाही असे म्हणून ते बाजूला ठेवण्यापूर्वी रसिकांनी एकच रचना निवडावी, तिचे टिपण आधी वाचावे आणि मग ती सलग दोनदा ऐकावी.