दूरच्या डॉक्टरचं प्रगतिपुस्तक कसं भरायचं?

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाताना मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे पडलं की वैशाखरे येतं. सातवाहनकाळात कोकणातल्या बंदरांचा माल जुन्नरला नेणाऱ्या नाणेघाटाची वाट इथूनच चढते. हमरस्त्यावरच्या गावाला निदान एसटी किंवा जीप मिळते. डोंगराला टेकलेल्या ठाकर-कातकरी वाड्यांना मात्र रस्ता गाठायलाच पायपीट करावी लागते. अंगावरच्या चट्ट्यांसाठी किंवा रक्तदाबाची गोळी बदलून घ्यायला मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं, तर दिवसाची मजुरी बुडते. तज्ज्ञ डॉक्टर हवा असेल, तर उल्हासनगर, ठाणे, नाहीतर थेट मुंबई. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या आडवळणाच्या पाड्यांचीही हीच तऱ्हा.

टेलिमेडिसिनची खरी गरज आहे ती अशाच ठिकाणी. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली. तिची यंत्रणा सी-डॅकच्या मोहाली केंद्राने उभारली. टाळेबंदी लागली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी, दूरस्थ उपचारांचे राष्ट्रीय नियम आले आणि 13 एप्रिलपासून रुग्णाला घरूनच डॉक्टरांशी बोलता येऊ लागलं. फेब्रुवारी 2023 मध्ये सल्ल्यांचा आकडा 10 कोटींवर गेला. लाभार्थ्यांत निम्म्याहून अधिक, सुमारे 57 टक्के, महिला होत्या. घर, शेत, पोरं सोडून तालुक्याला जाणं जिला सगळ्यात अवघड, तिच्यापर्यंत ही सेवा पोहोचते आहे, हे मोलाचं आहे.

खेड्यात बहुतेक वेळा मोबाइलवर एकट्याने बोलायचं नसतं. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब, ताप, साखर तपासतात, दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांना जोडून देतात आणि त्यांनी लिहिलेलं औषध उपकेंद्रात असेल तर तिथल्या तिथे देतात. रुग्णाजवळ माणूस असणं हा या पद्धतीचा कणा आहे. पोटावर हात ठेवून कुठे दुखतं ते पाहणं पडद्याला जमत नाही.

पण सेवा चांगली चालली आहे, हे ठरवायचं कशावरून?

सर्वांत सोपा उपाय म्हणजे रुग्णालाच विचारणं. अपोलोच्या टेलिहेल्थ सेवेबद्दल 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत 80 टक्के रुग्णांनी समाधान व्यक्त केलं होतं. असे गोड आकडे जगभर मिळतात, आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 2000 साली मेअर आणि व्हिटन यांनी अशा 32 अभ्यासांची झडती घेतली. रुग्ण खूश दिसत होते, पण बहुतेक अभ्यासांचे नमुने लहान आणि पद्धती कच्च्या होत्या. समाधान म्हणजे नेमकं काय, हेही पुरेसं स्पष्ट केलेलं नव्हतं.

नायजेरियातल्या एका प्रयोगाने तर प्रश्नाच्या शब्दांवरच बोट ठेवलं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आरोग्य केंद्रातल्या काही रुग्णांसमोर सेवेची स्तुती करणारी विधानं ठेवली, काहींसमोर तीच विधानं उलट करून. माणसं समोरच्याच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणतात. विधान उलटवलं, की समाधानाची टक्केवारी काही बाबतींत 19 अंकांपर्यंत घसरली. केंद्र तेच होतं, सेवाही तीच. बदलली होती फक्त विचारण्याची रीत.

हे आपल्याकडे किती लागू पडतं! ज्या ताईंनी मशीन लावून दिलं, त्याच हातात कागद घेऊन ‘बरं वाटलं ना?’ असं विचारू लागल्या, तर वाडीवरची कोणती बाई ‘नाही’ म्हणेल? शिवाय विचारणा होते ती ज्याचा फोन लागला त्याची. रेंज नसल्याने परत गेलेला माणूस यादीत येतच नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या क्षयाच्या किंवा रक्तदाबाच्या औषधाचं मधल्या महिन्यांत काय झालं, हे मार्चमध्ये गावात फिरून कसं कळणार?

म्हणून समाधानाच्या जोडीला साधे, तपासता येणारे प्रश्न हवेत. लिहून दिलेलं औषध त्याच दिवशी हातात पडलं का? डॉक्टरांचं बोलणं कळलं का, की घरी जाऊन पुन्हा आशाताईंना विचारावं लागलं? तालुक्याची फेरी खरंच वाचली का? पुढे पाठवलेला रुग्ण रुग्णालयात पोहोचला का? महिन्याभराने रक्तदाब उतरला का? आणि हे विचारणारी व्यक्ती सेवा देणारी नसावी. ठाकरी किंवा कातकरी बोली समजणारी असली तर उत्तम. अशी पाहणी खर्चिक नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेने तिचे निष्कर्ष उपकेंद्रनिहाय जाहीर केले, तर कुठे औषध कमी पडतं आणि कुठे रेंज, हे लगेच दिसेल.

वाचकांसाठी एक महत्त्वाची सूचना. त्वचाविकार, जुना रक्तदाब, औषधांचा पाठपुरावा यांसाठी ई-संजीवनीचा मोफत सल्ला जरूर घ्या. जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं जवळ ठेवा. सर्पदंश, छातीत कळ किंवा प्रसूतीच्या कळा असतील, तर मात्र पडद्यासमोर थांबू नका. 108 वर फोन करा आणि निघा.