पुरात मोत्या हरवला तर?

साताऱ्याजवळ कृष्णाकाठी संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्यानं वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. हीच कृष्णा पुढे सांगलीला येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट.

अशा वेळी घर सोडताना मुलं विचारतात, "आपल्या मोत्याचं काय?" "येईल तो परत" म्हणून वेळ मारून नेऊ नका. कुत्रा वासावर माग काढतो. सगळीकडे पाणी झालं की तो मागच राहत नाही. म्हणून पावसाळ्याआधीच त्याच्या पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. निघताना त्याला सोबत न्या. नेता आलंच नाही, तर निदान बांधून ठेवू नका.

पट्ट्याचं काम मुलांकडूनच करून घ्या. त्यांची भीती तेवढीच कमी होईल.