मानाची खुर्ची

शाळा, कचेरी, न्हाव्याचे दुकान, कोठेही जा, खुर्ची तेथे असायचीच. तिच्यावर बसावयास मिळणे हा एके काळी मोठा मान होता, हे सांगूनही खरे वाटत नाही. आपल्या भाषेने मात्र ती आठवण जपून ठेविली आहे. मूळ अरबी ‘कुर्सी’ हा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘खुर्ची’ झाला. आणि ‘त्यांना खुर्ची मिळाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात लाकडी आसन नसून अधिकारपद असते.

इजिप्तमधील कोरड्या हवेच्या थडग्यांत हजारो वर्षांपूर्वीच्या खुर्च्या टिकून राहिल्या आहेत. १९२२ साली तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. त्यात सोन्याच्या पत्र्याने मढविलेले एक सिंहासन निघाले. इजिप्तचे कारागीर आसनाचे पाय सिंहाच्या पायांसारखे कोरीत. पुढचे दोन पुढच्या पायांसारखे आणि मागचे दोन मागच्या पायांसारखे. जणू आसनाखाली खराखुरा प्राणीच उभा आहे! त्याच थडग्यात आबनुसाची, हस्तिदंत जडविलेली एक इवलीशी खुर्चीही होती. हा राजा तुमच्याहूनही लहान, आठ-नऊ वर्षांचा असतानाच गादीवर आला होता.

ग्रीकांनी पशूचे रूप टाकून दिले. तलवारीसारखे बाहेर वळलेले पाय आणि बसणाऱ्याच्या पाठीला बिलगणारी कमानदार पाठ, ही त्यांच्या खुर्चीची शोभा. त्या लाकडी खुर्च्या केव्हाच कुजून गेल्या. परंतु मातीच्या कुंभांवरील चित्रांत व थडग्यांवरील शिल्पांत त्या उरल्या. त्या पाहूनच सुमारे दोनशे वर्षांपूर्वी युरोपातील सुतारांनी तो घाट पुन्हा घडविला.

खुर्चीचा मान शिगेस पोचला तो फ्रान्सच्या दरबारात. चौदाव्या लुईने १६८२ साली आपला दरबार व्हर्सायच्या राजवाड्यात नेला. तेथे राजाराणीच्या समोर हातांच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणी बसावयाचे नाही, असा रिवाज होता. डचेस म्हणजे थोर सरदारांच्या स्त्रिया. त्यांना पाठ नाही, हात नाहीत, असे एक लहानसे चौरंगवजा आसन मिळे. आणि तेवढ्या आसनासाठी मोठमोठ्या घराण्यांत चढाओढ व रुसवेफुगवे चालत. बाकीची मंडळी भरजरी पोशाखात तासन्‌तास ताटकळत उभी! राजाला बसण्याचे सुख किती होत असेल कोण जाणे. इतरांना उभे पाहण्याचे अधिक होत असावे, असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये याच सुमारास पूर्वेकडून आलेल्या वेताने विणलेल्या खुर्च्यांची आवड निर्माण झाली. पुढे १७५४ साली टॉमस चिपेंडेल या लंडनच्या सुताराने आपल्या नमुन्यांचे चित्रमय पुस्तकच छापले. ते पाहून दूरदूरचे सुतार जाळीदार नक्षीच्या पाठीच्या खुर्च्या घडवू लागले. म्हणून ‘चिपेंडेल’ म्हणविली जाणारी प्रत्येक खुर्ची त्याच्याच हातची असते, असे नाही. या खुर्च्या सुंदर खऱ्या; पण त्या धनिकांच्याच दिवाणखान्यात राहिल्या.

खुर्ची सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात मिखाएल थोनेट याचा वाटा फार मोठा. बीच नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून तो वाकवी. पण वाकविताना लाकडाची बाहेरची बाजू ताणली जाऊन फाटते. म्हणून त्या बाजूस तो लोखंडी पट्टी घट्ट बसवी; मग लाकूड ताणले न जाता आतल्या बाजूने दाबले जाई आणि अखंड राही. १८५९ साली त्याने ‘चौदा क्रमांकाची’ खुर्ची काढली. लाकडाचे अवघे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार! सुटे भाग करून एक मीटर लांब, रुंद व उंच अशा पेटीत छत्तीस खुर्च्या मावत आणि आगगाडीने, जहाजाने देशोदेशी जात. १९३० सालापर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या.

मुंबई-पुण्याच्या जुन्या इराणी हॉटेलांतही वाकविलेल्या लाकडाच्या अशाच खुर्च्या आल्या. तेथे हमाल आणि वकील एकाच तऱ्हेच्या खुर्चीवर बसून बशीत चहा ओतून घेत.