पत्ता असलेल्या गोष्टी

सकाळी शेतावर निघायचं म्हणजे ‘हाकादाची’, संध्याकाळी शेतावरून परतायचं म्हणजे ‘हाकाआगारी’. जपानच्या इवाते प्रांतातल्या तोनो परिसरात, यामागुची वाडीच्या आसपास, शंभर वर्षांपूर्वी हे शब्द रोजच्या बोलण्यात होते. ते कुठून आले हे गावकरी सांगत, ते ऐकून घास घशात अडकतो. वाडीजवळ देन्देरानो नावाचा माळ आहे. साठी उलटलेल्यांना पूर्वी तिथं धाडायचे, अशी दंतकथा. पण मरण काही मागून येत नाही. म्हणून ते म्हातारे दिवसा खाली उतरत, शेतात राबत, पोटापुरतं मिळवत आणि संध्याकाळी पुन्हा माळावर जात.

म्हाताऱ्यांना डोंगरात सोडून येण्याच्या कथा जपानभर आहेत. त्यांतल्या बऱ्याच कथांत शेवटी मुलाला पाझर फुटतो, आई पाठीवर बसून घरी येते. तोनोच्या कथेत कुणालाच पाझर फुटत नाही. तिथं फक्त सकाळचं जाणं आणि संध्याकाळचं येणं आहे. मला ही कथा खरी वाटते ती त्यामुळेच. घडली असेल-नसेल, पण सांगणाऱ्याला भूक ठाऊक होती.

तोनो हे डोंगरांनी वेढलेलं खोरं आहे. 1954 साली जुनं तोनो आणि आसपासची खेडी मिळून शहर झालं, 2005मध्ये शेजारचं मियामोरी त्यात आलं. क्षेत्रफळ सुमारे 826 चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम 25 हजार. पूर्वी इथं सगळं तळंच होतं, ते पाणी सारुगाइशी नदी होऊन बाहेर पडलं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर गावं वसली, असं लोक सांगत आले. भोवतीच्या डोंगरांत तीन मोठे: हायाचिने (1917 मीटर), रोक्कोशी आणि इशिगामी. एक देवी आपल्या 3 मुलींना घेऊन इथं मुक्कामाला आली. रात्री जिला शुभ स्वप्न पडेल तिला सर्वांत देखणा डोंगर, असं ती म्हणाली. मध्यरात्री आकाशातून एक दिव्य फूल थोरलीच्या छातीवर उतरलं. धाकटी जागी होती. तिनं ते हळूच उचलून आपल्या छातीवर ठेवलं आणि हायाचिने पटकावला. देवीच्या घरातही चांगली जमीन एकच होती, आणि ती चोरूनच मिळाली!

इथल्या शेतीचा खरा वैरी म्हणजे ‘यामासे’. उन्हाळ्यात ईशान्येकडून समुद्रावरचा हा गार, ओला वारा येतो, सूर्य ढगांत दडतो आणि भाताच्या लोंब्या भरतच नाहीत. 1627पासून तोनोवर नाम्बू घराण्याच्या एका शाखेची सत्ता होती. त्या काळात 1755 आणि 1783च्या दुष्काळांनी सारा प्रदेश उजाड केला. उपासमारीनं मेलेल्यांसाठी दाइजिजी मठाच्या गिझान नावाच्या भिक्षूनं डोंगरउतारावरच्या धोंड्यांवर 500 अर्हत कोरले. घडवलेल्या मूर्ती नव्हेत, दगडावर ओढलेल्या नुसत्या रेषा. आज त्यांवर शेवाळ इतकं दाट चढलंय की चेहरा शोधावा लागतो.

तोनोचा ‘काप्पा’ यानंतर भेटला की वेगळा दिसतो. काप्पा हा जपानी नद्या-डोहांतला पाणभूत, डोक्यावर पाण्याची खोलगट ताटली मिरवणारा. इतरत्र तो हिरवा, तोनोत मात्र लाल तोंडाचा. जोकेनजी मठामागच्या ओढ्यात त्याचा डोह आहे. काकडीचं आमिष लावून मुलं तिथं गळ टाकून बसतात. पर्यटन संघ काप्पा पकडण्याचा वर्षभराचा परवानाही देतो. जिवंतच पकडायचा, ताटलीतलं पाणी सांडू द्यायचं नाही, अशा त्याच्या अटी. पण जुन्या कथांत काप्पाची म्हणून जन्मलेली पोरं मारून पुरल्याचं, एक लाल पोर तिठ्यावर टाकायला नेल्याचं येतं. भुकेच्या दिवसांत नको असलेलं मूल मारण्याला जपानीत ‘माबिकी’ म्हणत. शब्द शेतातला, अर्थ रोपांची विरळणी. बरेच अभ्यासक लाल तोंडाच्या काप्पात ही अर्भकं पाहतात. डोहाकाठी एक छोटं देऊळ आहे. अंगावर दूध यावं म्हणून बाया तिथं कापडाचे शिवलेले स्तन वाहतात. मला तर काप्पाचा अर्थ कुठल्याही ग्रंथापेक्षा त्या देवळात जास्त उलगडतो.

समुद्रकाठ आणि आतला मुलूख यांच्या मधोमध तोनोची बाजारपेठ. मासळी, मीठ, धान्य सगळं घोड्यांच्या पाठीवरून येई. बाजाराच्या दिवशी हजार घोडी नि हजार माणसं, अशी तिची ख्याती. काटकोनात वळलेल्या ‘मागारिया’ घरात एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला घोडा, छप्पर एकच. त्या छपराखालची कथा ओशिरासामाची. शेतकऱ्याची लेक घरच्या घोड्यावर जीव लावून बसली. बापानं घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारलं. ती त्याच्या डोक्याला बिलगून रडत होती, तर बापानं कुऱ्हाडीनं ते डोकंच तोडलं, आणि ती त्यासकट आकाशात निघून गेली. ओशिरासामा म्हणजे तुतीच्याच लाकडाची दांडक्यासारखी जोडी: एकावर घोड्याचं तोंड, दुसऱ्यावर मुलीचं. दर वर्षी पहिल्या महिन्याच्या 16 तारखेला घरातली बाई त्यांना बाहेर काढते, ‘खेळवते’ आणि जुन्या कापडांवर नवं कापड चढवते. जुनं काढायचं नाही. त्यामुळे पिढ्यानुपिढ्यांची चिंध्यांची पुटं चढून दांडकं गलेलठ्ठ होतं. रेशमाच्या किड्यांची राखणदार हीच. बापानं जिचा घोडा मारला, त्या लेकीला घरानं देव करून ठेवलं.

हे सगळं जगाला कळलं ते 1910 साली निघालेल्या ‘तोनो मोनोगातारी’ या पुस्तकामुळे. सांगणारा यामागुची वाडीचाच सासाकी किझेन. 1908मध्ये तो तोक्योत शिकणारा 22 वर्षांचा तरुण होता. लिहून घेणारे सरकारी अधिकारी यानागिता कुनिओ, पुढे जपानी लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे जनक ठरलेले. 119 नोंदी, पदरमोड करून छापलेल्या 350 प्रती. किझेनच्या बोलीतला मजकूर यानागितांनी संयत ग्रांथिक जपानीत उतरवला. भाषा अप्रतिम आहे, पण तिच्यात किझेनचा आवाज हरवला याची हळहळ मला वाटते. एक गोष्ट मात्र शाबूत राहिली: या कथा ‘आटपाट नगरा’तल्या नाहीत. अमक्या वाडीतलं तमकं घर, या नदीचा तो डोह, असा प्रत्येकीला पत्ता आहे.

सगळ्यात ताजा पत्ता 99व्या नोंदीचा. 15 जून 1896 रोजी सान्रिकू किनाऱ्यावर त्सुनामी आली, सुमारे 22 हजार माणसं गेली. तोनोकडचा फुकुजी किनाऱ्यावरच्या तानोहामात घरजावई होता. बायको गेली, दोन मुलं उरली. 11 मार्च 2011ला त्याच किनाऱ्यावर पुन्हा लाट आली. तोनोच्या नगरपालिकेची मुख्य इमारत भूकंपानं निकामी झाली, तरी जवान, अग्निशमन दलं, स्वयंसेवक यांचा तळ तोनोतच पडला. कामाइशी, ओत्सुची ही किनाऱ्यावरची गावं इथून गाडीनं तासाभरावर. अशा आपत्तीत किनाऱ्याला रसद आपणच पुरवायची, असा बेत या शहरानं 2007मध्येच आखला होता. पूर्वी घोड्यांवरून मासळी यायची, त्याच वाटेनं उलट दिशेला आता कांबळी आणि भात गेला.

फुकुजीचं असं झालं. लाटेनंतरच्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, चांदण्या रात्री तो खोपटाबाहेर पडला. किनाऱ्यावर धुकं होतं. धुक्यातून एक पुरुष आणि एक बाई चालत आली. बाई त्याची बायको. त्यानं मागोमाग जाऊन हाक मारली, ती वळून हसली. सोबतचा माणूसही लाटेतच गेलेला. लग्नाआधी तिचं मन त्याच्यावर होतं असं फुकुजीच्या कानावर आलं होतं. “आता मी यांची बायको आहे,” ती म्हणाली. “मुलांची माया नाही का तुला?” त्यानं विचारलं. तिचा चेहरा थोडा पालटला, ती रडली. मग दोघं झपझप चालत डोंगराच्या वळणाआड गेली. फुकुजी काही पावलं धावला. ही मेलेली माणसं आहेत हे लक्षात आल्यावर तो थांबला, उजाडेपर्यंत वाटेतच उभा राहिला आणि सकाळी मुलांकडे परतला.