ग्रंथसूचींचे स्थलांतर

इसवी सन १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमाने आंतरजालाची सेवा सर्वसामान्य ग्राहकांस खुली केली, तेव्हा मराठी प्रकाशन व्यवसायापाशी जगापुढे मांडण्याजोगी एक वस्तू अगदी तयार स्थितीत होती, आणि ती म्हणजे त्याची छापील सूची. ग्रंथनाम, ग्रंथकार, आवृत्ती, पृष्ठसंख्या, आकार व किंमत एवढा तपशील देणारी आणि क्वचित दोन ओळींचा परिचय जोडणारी ही पुस्तिका लहानमोठा प्रत्येक प्रकाशक काढीत असे. ग्रंथपाल, शाळांचे मुख्याध्यापक आणि तालुक्याच्या गावचे पुस्तकविक्रेते यांचा बराचसा व्यवहार तिच्याच आधाराने चाले. ती पुस्तिका महाजालाच्या पानांत उतरवण्याचे जे काम पुढील दहापंधरा वर्षांत झाले त्याचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते, कारण त्या कामात कोणती दृष्टी ठेवली गेली यावर पुष्कळ ग्रंथांचे नाव आज सापडणे वा न सापडणे अवलंबून राहिले आहे.

सूची करण्याच्या विद्येची आपल्याकडे थोर परंपरा आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, तिच्यामागचे कष्ट पाहिले म्हणजे, कोणत्याही शासकीय खात्याच्या तोडीचे काम एका व्यक्तीच्या निष्ठेने कसे पार पडू शकते, याची साक्ष पटते. प्रकाशकांच्या सूचींना ती शास्त्रीय शिस्त नव्हती हे खरे. पण त्यांतही जागा राखण्याची आणि अर्थ न गमावता मजकूर आखडण्याची एक परिपक्व कला होती. कागद महाग, पाने मोजकी आणि टपालखर्च वजनावर, अशा त्रिविध अडचणीत जुळाऱ्यांनी आणि सूचिकारांनी काही संकेत पक्के केले होते. त्याच ग्रंथकाराचे दुसरे पुस्तक आले की नावाच्या जागी ‘कित्ता’ किंवा नुसती आडवी रेघ, आकारासाठी ‘डे.’ आणि ‘क्रा.’; विषयाचे नाव प्रकरणाच्या शिरोभागी एकदाच; आणि दोन विषयांत मोडणाऱ्या ग्रंथासाठी ‘पाहा पृष्ठ अमुक’ एवढा निर्देश. हे संकेत छापील पानावर वाचकाला कधी अडले नाहीत, कारण त्यांचा उलगडा करणारी ओळ त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातच असे.

स्थलांतराचा पहिला टप्पा चित्रांचा होता. मराठी अक्षर परक्या संगणकावर उमटेल याची हमी नसल्यामुळे सूचीचे पान छायांकित करून त्याचे चित्रच महाजालावर ठेवण्यात येई. दूरध्वनीच्या तारेवरून ते चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरत असे आणि उतरल्यावर त्यात एखादे नाव शोधण्याची सोय नसे. पुढे १९९७ च्या सुमारास वाचकाकडे फाँट नसला तरी पानाबरोबर तो पाठवण्याची युक्ती निघाली. परंतु नेटस्केपची रीत निराळी आणि मायक्रोसॉफ्टची निराळी, त्यामुळे एकच पान दोन तऱ्हांनी सज्ज करावे लागे. हा टप्पा फार काळ टिकला नाही आणि त्यातले फारसे काही शिल्लकही उरले नाही.

खरी कसोटी लागली ती मजकुराच्या परिवर्तनात. खिळे जुळवण्याची पद्धत मागे पडून बहुतेक मुद्रणालयांत पेजमेकरवर मजकूर लावला जाऊ लागला होता, आणि त्यामुळे सूची संगणकात आधीच भरलेली आहे, ती उचलून ठेवली की काम झाले, असा समज प्रकाशकांत रूढ होता. वस्तुस्थिती फार वेगळी होती. त्या काळच्या मराठी फाँटांत अक्षराकृतींचे तुकडे साठवलेले असत. रोमन लिपीसाठी योजलेल्या घरांत प्रत्येक कंपनीने काना, अर्धे व्यंजन, रफार आणि उकार आपापल्या सोयीने बसवलेले असत, आणि एका कंपनीचा मजकूर दुसरीच्या फाँटमध्ये उघडला म्हणजे निरर्थक चिन्हांच्या रांगा उभ्या राहत. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही संकेतप्रणाली प्रमाणित केली होती आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले होते. तथापि ‘विंडोज २०००’ मंगल फाँटसह आली, तोवर सामान्य कार्यालयातील संगणकाला या मानकाचा प्रत्यक्ष उपयोग नव्हता.

त्यानंतर जुन्या फाँटमधील सूची युनिकोडमध्ये आणण्याचा उद्योग सुरू झाला. एका घराच्या जागी दुसरे घर एवढी साधी अदलाबदल त्यात पुरत नसे. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये ती आधी टंकित होई, आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठवावी लागते. रफाराची गती याच्या बरोबर उलट. ‘मार्मिक’ या शब्दातील ‘र्मि’ या एका अक्षरात दोन्ही स्थित्यंतरे एकाच वेळी घडवावी लागतात. पुन्हा ‘दऱ्या’ आणि ‘चर्या’ यांतील रकार निराळे. परिवर्तनाची आज्ञावली त्यांची सरमिसळ करी आणि ‘वाऱ्यावर’ असलेले ग्रंथनाम ‘वार्यावर’ होऊन बसे. हे दोष यंत्राने दुरुस्त झाले नाहीत. ते ज्यांनी दुरुस्त केले ते मुद्रितशोधक होते, छापील प्रत डाव्या हाताला ठेवून पडद्यावरच्या ओळीशी तिची अक्षरशः रुजुवात घेणारे. आणि या साऱ्या वाटचालीत सर्वांत मोलाचे काम कोणाचे असे कोणी विचारले, तर मी निःसंकोचपणे त्यांचेच नाव घेईन. त्यांना मोबदला मात्र पानाच्या हिशेबाने मिळे, आणि तोही अपुरा.

अक्षरे शुद्ध झाली तरी नोंद शुद्ध होत नसे. छापील सूची ही सलग वाचण्याची वस्तू आहे, आणि महाजालावरच्या पानावर वाचक मधूनच, शोधयंत्राच्या दाराने येतो. अशा वाचकापुढे ‘कित्ता, भाग दुसरा’ एवढीच ओळ आली तर ती कोणाची, हे त्याने कसे ओळखावे? ‘पाहा पृष्ठ ४३’ या निर्देशाला पृष्ठच उरलेले नव्हते. त्याच्या जागी दुवा द्यायचा तर मूळ पुस्तिका उघडून त्रेचाळिसाव्या पृष्ठावरील नेमकी नोंद हुडकणे आले. किमतीचा प्रश्न याहून नाजूक. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती अंमलात येण्यापूर्वीच्या सूचींत किंमत रुपये, आणे व पै अशा तीन रकान्यांत असे. रकान्यांचे शीर्षक गळून ‘१ ८ ०’ एवढे आकडे उरले म्हणजे दीड रुपयाचे पुस्तक एकशे ऐंशीला विकले जात होते की काय असा भ्रम होई. ज्यांनी जाणीवपूर्वक काम केले त्यांनी प्रत्येक नोंद स्वयंपूर्ण केली, ग्रंथकाराचे नाव दर वेळी पुरे लिहिले, जुनी किंमत तिच्या चलनासह ठेवली.

क्रमाची बाबही दुर्लक्षण्यासारखी नव्हती. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो आणि क्ष व ज्ञ अखेरीस. युनिकोडच्या घरांत मात्र ळ ला ल च्या लगत बसवले आहे, आणि क्ष हे जोडाक्षर असल्यामुळे ते क मध्ये विलीन होते. छापील सूचींतही क्ष कोठे घ्यावा याविषयी एकवाक्यता नव्हतीच, परंतु निदान एका सूचीत एक नियम पाळला जाई. संगणकाला ‘अकारविल्हे लाव’ अशी आज्ञा देऊन मोकळे झालेल्यांच्या सूचीत तो नियम कोणी ठरवलाच नव्हता, आणि वर्षानुवर्षे सूची हाताळणारे ग्रंथपाल त्यात चाचपडत राहिले.

या काळात दोन मार्ग स्पष्टपणे वेगळे झाले. एका पक्षाने पानाचे रूप जसेच्या तसे उतरवले: कोष्टकात कोष्टके, ठळक अक्षरे, रेघा. १९९८ मध्ये ‘एक्सएमएल’ या खुणांच्या पद्धतीला मान्यता मिळाल्यावर दुसऱ्या, संख्येने अल्प अशा पक्षाने नोंदीचे घटक ओळखले, ग्रंथनामाला ग्रंथनामाची आणि किमतीला किमतीची खूण केली, आणि त्या एका खुणावलेल्या दप्तरातून विषयवार, ग्रंथकारवार, अक्षरवार अशी साधी स्थिर पाने हवी तितकी काढून घेतली. पहिल्या पक्षाला दर नव्या सजावटीबरोबर सारे काम पुन्हा करावे लागले. दुसऱ्याला फक्त पाने पुन्हा काढावी लागली.

स्थिर पानाविषयी माझा आग्रह आहे तो याच अनुभवामुळे. वाचकाने मागणी केल्यावर विदागारातून पान घडवून देणारी संकेतस्थळे पुढे लोकप्रिय झाली, आणि रोज बदलणाऱ्या किमतींसाठी ती सोयीची होती. पण कंत्राट संपले, आज्ञावली जुनी झाली, की त्यांच्यातील अख्खी सूची एका दिवसात अदृश्य होई. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने जुनी पाने जतन करण्याचे जे अपूर्व कार्य आरंभले, त्यालाही शोधचौकटीच्या आड दडलेल्या नोंदींपर्यंत पोहोचता येत नव्हते, दुव्याला दुवा जोडलेले साधे पान मात्र त्याच्या हाती सहज लागे. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जिल्हा गॅझेटिअरांचा मजकूर प्रकरणवार साध्या पानांत दिला. त्यांची सजावट अगदीच रुक्ष होती, पण एखाद्या तालुक्यातील देवस्थानाचा किंवा घाटवाटेचा दाखला हवा असणाऱ्या अभ्यासकाला त्यांनी ग्रंथालयाची फेरी न घालता तो दिला.

अजून पुष्कळ सूची कपाटांत आहेत. ज्या प्रकाशकांकडे, पुस्तकविक्रेत्यांकडे किंवा त्यांच्या वारसांकडे अशा पुस्तिका पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. बहुतेकांवर वर्ष छापलेले नसते, तेव्हा ते ठाऊक असल्यास पेन्सिलीने मुखपृष्ठाच्या आत लिहावे, आणि एक प्रत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाकडे अथवा आपल्या जिल्ह्यातील जुन्या ग्रंथालयाकडे पोहोचती करावी.