पापापूर्वीं सृष्टींत मरण होतें काय?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं पवित्र शास्त्राच्या तासाला आम्ही उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय शिकवीत होतों. आदामानें आज्ञा मोडली, त्यामुळें पाप जगांत आलें आणि पापाबरोबर मरण आलें, असें नेहमींच्या रीतीनें सांगून झालें. तोंच मागच्या बांकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या घरचा एक बैल चारच दिवसांपूर्वीं शेताच्या बांधावर सर्प डसून मेला होता. तो म्हणाला, "मास्तर, पाप आदामानें केलें, मग आमच्या बैलानें काय केलें होतें?" कांहीं मुलें हंसलीं, पण विचारणारा हंसला नाहीं. आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. इतक्यांत घंटा झाली आणि आम्ही सुटलों. प्रश्न मात्र सुटला नाहीं. त्या दिवशीं जें उत्तर देतां आलें नाहीं, तें या लेखांत देण्याचा आमचा प्रयत्न आहे. मुलांच्या आईबापांनींहि तो वाचावा अशी आमची विनंती आहे; कारण मरणाविषयींचे प्रश्न शाळेपेक्षां घरींच अधिक विचारले जातात.

पुष्कळ भाविक लोकांचा समज असा आहे कीं, आदामाच्या पतनापूर्वीं सृष्टींत मरण म्हणून नव्हतेंच. कोणी कोणास मारीत नव्हतें, कोणी म्हातारें होत नव्हतें आणि व्याघ्रादि पशु पाला खाऊन राहत होते. या समजाला आधार नाहीं असें मात्र नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटीं देवानें मनुष्यास धान्य व फळें आणि पशुपक्ष्यांस हिरव्या वनस्पति अन्न म्हणून नेमून दिल्याचें वर्णन आहे. मांस खाण्याची मोकळीक पुढें जलप्रलयानंतर नवव्या अध्यायांत नोहाला मिळते. यशया संदेष्टा येणाऱ्या राज्याचें जें चित्र काढतो, त्यांत हिंस्र पशु कोंकरांवांसरांच्या सोबतीनें राहतात. आणि प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत एका मनुष्याच्या द्वारें पाप आणि पापाच्या द्वारें मरण जगांत शिरलें असें स्पष्ट सांगतो. अठराव्या शतकांतील प्रसिद्ध उपदेशक जॉन वेस्ली यांनीं आपल्या एका प्रवचनांत असेंच प्रतिपादन केलें कीं, मनुष्याच्या पापामुळें मुके प्राणीहि मरणाखालीं आले, आणि शेवटीं त्यांचाहि उद्धार होईल. ज्या हृदयांतून हा विचार निघाला तें दयाळू होतें यांत शंका नाहीं.

परंतु पृथ्वीच्या पोटांत कांहीं निराळीच साक्ष दडलेली आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नांवाचें गांव आहे. तेथें मेरी अॅनिंग नांवाची एका सुताराची मुलगी समुद्रकांठच्या कड्यांतून दगड झालेले प्राणी खणून काढीत असे. त्यांत इक्थिओसॉर नांवाचे, माशाच्या आकाराचे पण सरड्यासुसरींच्या वर्गांतले प्रचंड जलचर होते. आजच्या गणनेप्रमाणें ते सुमारें २० कोटि वर्षांपूर्वींचे आहेत. त्यांच्याबरोबर सांपडणारे कांहीं विचित्र गोळे ऑक्सफर्ड येथील भूगर्भशास्त्राचे अध्यापक विल्यम बकलंड यांनीं तपासले आणि १८२९ सालीं दाखवून दिलें कीं, ती त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा होय. तींत माशांचे खवले होते, हाडें होतीं, इतकेंच नव्हे तर त्याच जातीच्या लहान प्राण्यांचींहि हाडें होतीं. म्हणजे मनुष्याचा मागमूसहि नव्हता त्या काळीं समुद्रांत एक जीव दुसऱ्यास खात होता.

हे बकलंड नुसते शास्त्रज्ञ नव्हते. ते दीक्षित धर्मोपदेशक होते आणि पुढें वेस्टमिन्स्टरचे डीन झाले. दगडांत पाहिलेलें सत्य व्यासपीठावर लपवून ठेवणें त्यांस प्रशस्त वाटलें नाहीं. १८३९ सालीं ऑक्सफर्ड येथील कॅथीड्रलांत त्यांनीं याच विषयावर उपदेश केला. पतनाच्या वेळीं सांगितलेली मरणाची शिक्षा सर्व प्राणिसृष्टीस होती, कीं केवळ मनुष्यजातीस, हा त्यांचा प्रश्न. ती मनुष्यजातीपुरतीच होती, असा त्यांचा निर्णय.

ही दूरदेशची गोष्ट झाली. आपल्या महाराष्ट्रांतहि असे दगड आहेत. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले व त्यांनीं तेथें शाळा चालविली. उपदेश आणि शिकवणें यांतून उरलेल्या वेळांत, आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह, ते नागपूरच्या आसपासचे दगड तपाशीत. ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक थिजून दख्खनचा काळा पाषाण झाला आहे. त्या थरांच्या मधल्या मातींत, नागपूरजवळ टाकळी येथें, त्यांस गोड्या पाण्यांतले शिंपले, फळें, बिया आणि कीटकांचे अवशेष मिळाले. एका थराचा रस थिजला, त्यावर तळें सांचलें, तळ्यांत जीव नांदले व मेले, आणि मग दुसरा रस येऊन त्यांवर पसरला. हें सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं घडलें.

आणखी एक उदाहरण सांगतों, कारण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशीं त्याचें जवळचें नातें आहे. गुजरातेंत खेडा जिल्ह्यांतील धोली डुंगरी येथें भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांस डायनोसॉर नांवाच्या महाकाय प्राण्यांच्या अंड्यांचें एक घरटें दगडांत सांपडलें. पुढें बारकाईनें तपासतां असें दिसून आलें कीं, एका फुटलेल्या अंड्याभोंवतीं सुमारें साडेतीन मीटर लांबीचा सर्प वेटोळें घालून आहे आणि शेजारींच नुकतेंच बाहेर आलेलें पिलूं आहे. त्याच क्षणीं मातीचा लोंढा आला असावा आणि भक्ष्य व भक्षक दोघेहि गाडले गेले. हा शोध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. सर्पाचें वय सुमारें ६ कोटि ७० लक्ष वर्षे ठरलें. आपल्या मनुष्यजातीचे आजवर मिळालेले अतिप्राचीन अवशेष मात्र सुमारें ३ लक्ष वर्षांपूर्वींचे आहेत. तेव्हां सर्पाचा दंश आणि पिलाचें मरण या गोष्टी पहिल्या मनुष्यापेक्षां फार जुन्या आहेत, हें कबूल करणें प्राप्त आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, शास्त्रज्ञांच्या भयानें धर्मोपदेशकांनीं आपलें मत बदललें. परंतु इतिहास पाहतां तसें दिसत नाहीं. दगडांची भाषा कोणास वाचतां येत नव्हती तेव्हांच मंडळीच्या थोर गुरूंनीं या प्रश्नाचा विचार केला होता. पांचव्या शतकाच्या आरंभीं उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहितांना ऑगस्टीन यांनीं पशूंनीं एकमेकांस खाणें हें मनुष्याच्या पापाचें फळ मानलें नाहीं. एक जीव जातो व दुसरा येतो या क्रमांतच सृष्टीची शोभा आहे असें त्यांचें मत होतें. तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यांनीं तर स्वच्छ लिहिलें कीं, मनुष्याच्या पापामुळें पशूंचा मूळ स्वभाव पालटला नाहीं, आणि आज मांसावर जगणारे सिंह व ससाणे तेव्हां पाल्यावर जगत होते असें मानणें योग्य नव्हे. पवित्र शास्त्रांतहि स्तोत्रसंहितेचा १०४ वा अध्याय पाहावा. सिंहाचे छावे रात्रीं भक्ष्यासाठीं गर्जना करितात, तेव्हां ते देवापाशींच आपलें अन्न मागत आहेत असें स्तोत्रकर्ता म्हणतो. आणि हें तो शोकानें नव्हे, तर स्तुतीनें सांगतो. पौलाचें तें वचनहि नीट वाचलें तर मरण सर्व मनुष्यांत पसरलें असें तो म्हणतो. पशूंचें नांव तेथें नाहीं.

मग पापानें आणलें तें काय? येथें सावधपणें पाऊल टाकलें पाहिजे. पापामुळें आलेलें मरण केवळ आत्मिक होतें, शरीराशीं त्याचा संबंध नाहीं, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु ४१८ सालीं कार्थेज येथें जमलेल्या आफ्रिकेच्या बिशपांनीं, आदामानें पाप केलें असतें किंवा नसतें तरी त्यास शारीरिक मरण येणारच होतें, हें मत नाकारलें. दुसऱ्या बाजूस, मनुष्याचें शरीर मुळांतच अविनाशी होतें असेंहि थोर गुरूंनीं शिकविलें नाहीं. अथानेशियस म्हणतात कीं, शून्यांतून निर्माण झालेला मनुष्य स्वभावतः नाशवंतच. देवाच्या कृपेनें तो टिकावयाचा होता. ऑगस्टीन यांच्या मतें आदामाचें शरीर एका अर्थीं मर्त्य होतें, कारण तें मरूं शकत होतें. आणि एका अर्थीं अमर्त्य होतें, कारण न मरणेंहि त्यास शक्य होतें.

हें लहान मुलांस कळावें म्हणून एक साधा दाखला देतों. दिव्याची वात स्वभावतः विझणारीच आहे. पण घरधनी तेल घालीत राहील तोंवर ती विझत नाहीं. आतां दिव्यानेंच धन्याचा हात दूर लोटला तर? वातीचा स्वभाव पालटला नाहीं. तिला सांभाळणारा हात मात्र गेला. बागेंतलें जीवनाचें झाड हें त्या तेलाचें चिन्ह होय. मनुष्यास त्या झाडापासून दूर करण्यांत आलें आणि मग त्याचें शरीर बैलाच्या शरीराप्रमाणें मातीच्या वाटेस लागलें. बैलास जें सृष्टिक्रमानें येतें, तें मनुष्यास वियोगानें आलें.

आणि हा वियोगच खरें मरण आहे. फळ खाल्लें त्याच दिवशीं मरण येईल असें देवानें बजावलें होतें. तरी आदाम ९३० वर्षे जगला असें पांचव्या अध्यायांत लिहिलें आहे. मग त्या दिवशीं काय मेलें? दिवस कलतांना देवाची चाहूल लागली तेव्हां तो झाडांआड लपला, आणि विचारल्यावर त्यानें दोष बायकोवर टाकला. देवाचें भय आणि शेजाऱ्यावर आरोप, या दोन गोष्टी त्या संध्याकाळीं जन्मास आल्या. बैल मरतांना कोणापासून लपत नाहीं. मनुष्य मात्र मरणास भितो, कारण त्याच्या पाठीमागें हिशेब आहे.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. आजहि कांहीं सज्जन ख्रिस्ती वेस्लींप्रमाणें मानतात. कांहीं आदामास एक व्यक्ति समजतात, तर कांहीं त्यास सर्व मनुष्यजातीचें प्रतीक समजतात. शिवाय पशूंच्या वेदनेचा प्रश्न वरील विवेचनानें पुरता मिटत नाहीं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायांत सर्व सृष्टि कण्हत असून मुक्तीची वाट पाहत आहे असें पौल लिहितो. ती कण्हणी ज्यास ऐकूं येत नाहीं त्याचें धर्मज्ञान कितीहि शुद्ध असो, तें कोरडें आहे.

आतां आईबापांस दोन शब्द. पापानें मरण आलें हें वचन आपण पुष्कळ वेळां शोक करणाऱ्यांवर दगडासारखें फेकतों. लेंकरूं दगावलें कीं शेजारीपाजारी आईच्या किंवा बापाच्या पापाचा शोध घेऊं लागतात. जन्मांधास पाहून शिष्यांनींहि हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूनें त्याचा किंवा त्याच्या आईबापांचा दोष मानण्याचें नाकारलें. शिलोहांतील बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं, तेव्हांहि तीं इतरांहून अधिक पापी होतीं असें मानूं नये असें त्यानें बजाविलें. वर ज्यांचें नांव आलें ते हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाहून परततांना पूर आलेल्या ओढ्यांत बुडून वारले. अठरा वर्षे लोकांचीं मुलें शिकविणाऱ्या त्या मनुष्याच्या मरणांत पापाची शिक्षा शोधणें किती क्रूरपणाचें होईल! आदामाचें पाप ही सर्व मनुष्यजातीची कथा आहे. ती एखाद्या घरच्या तिरडीशेजारीं उभें राहून सांगावयाची नव्हे. तेथें प्रभूनें लाजाराच्या कबरेपाशीं जें केलें तेंच करावें, तो रडला.

हें सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास बोलावून सांगितलें. त्यास योनाच्या पुस्तकाचा शेवटहि वाचून दाखविला. निनवे शहराची दया करितांना देव तेथील माणसांबरोबर गुराढोरांचीहि आठवण काढतो. तेव्हां बैल कां मेला हें शास्त्र सांगत नसलें, तरी तो देवाच्या नजरेबाहेर मेला नाहीं इतकें खास. मुलानें सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "म्हणजे बैलाचा कांहीं दोष नव्हता?" आम्ही म्हणालों, "नव्हता." थोडें थांबून तो म्हणाला, "आणि सर्पाचा?" आम्ही म्हणालों, "त्याचाहि नाहीं."

विद्यार्थीमित्रहो, दोष शोधावयाचाच असेल तर तो रानांत किंवा गोठ्यांत शोधूं नका, शेजाऱ्याच्या घरांतहि शोधूं नका. झाडांआड लपणारा आदाम आपल्यांतच आहे. त्याला हांक मारून बाहेर बोलाविणारा देव त्याच संध्याकाळीं बागेंत आला होता, आणि अजूनहि येतो.